बघणाऱ्याचा वाटा



दुसऱ्याचं दुःख बघितल्याने माणूस चांगला होतो का? आणि झालाच, तर त्याच्या त्या चांगुलपणाचं आपण काय करायचं? हे दोन प्रश्न सध्या मी पाळीवर जाता-येता डोक्यात घेऊन फिरतो. कुठल्या जाड पुस्तकात ते मला सापडले नाहीत. आमच्या काशीमीऱ्यात ते रस्त्यावर पडलेले आहेत. ज्याला उचलायचे त्याने उचलावेत.

मुंबई-अहमदाबाद हायवे आमच्या अंगावरून जातो. एका अंगाला टॉवर, शोरूम, बार, हॉटेलं. दुसऱ्या अंगाला राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर आणि त्याच्या पायथ्याला आदिवासींचे पाडे. उजाडलं की नाक्यावर बिगारी, गवंडी, रंगारी उभे. बायका घमेली घेऊन उभ्या. टेंपो येतो, कंत्राटदार बोटाने माणसं मोजतो, भरतो, घेऊन जातो. उरलेले दुपारपर्यंत ताटकळतात आणि डबा न उघडता परत फिरतात. हे सगळं उघड्यावर आहे. बघायला तिकीट लागत नाही.

तरी गरिबी बघायला माणसं सातासमुद्रापलीकडे जातात. अमेरिकेत, युरोपात, कोरियात चर्चमधून तरुण पोरापोरींना आठ-पंधरा दिवसांसाठी गरीब देशांत पाठवायची रीत आहे. कुणी आफ्रिकेत जातं, कुणी फिलिपाइन्सला, कुणी आपल्याकडे येतं. वर्गणी काढून विमानाचं भाडं जमवतात. वस्तीतल्या शाळेची भिंत रंगवतात, मुलांना गाणी शिकवतात, औषधं वाटतात. झोपडी बघतात, गटार बघतात, गटाराकाठी खेळणारं पोर उचलून घेतात. रात्री गोल बसून प्रार्थना करतात आणि रडतात. मनापासून रडतात, त्यात ढोंग नाही. मग घरी जाऊन सांगतात, या प्रवासाने आमचं आयुष्य बदललं.

मी हे आमच्या खात्यातल्या एका जुन्या मामांना सांगितलं. मामांनी तंबाखू मळता मळता विचारलं, "त्यांचं आयुष्य बदललं. बरं झालं. पण ज्याच्या झोपडीत जाऊन बदललं, त्याचं काय बदललं?"

या लेखात मला मामांच्या या एका प्रश्नाचा पिच्छा पुरवायचा आहे.

*

आधी एक गोष्ट चोख सांगतो. मी टिंगल करायला बसलेलो नाही. माझी आई बाळंत झाली ती मिशनच्या दवाखान्यात. जवळच्या दवाखान्यात त्या रात्री डॉक्टर नव्हता, बैलगाडी नव्हती, पैसा तर नव्हताच. मिशनच्या नर्सबाईने आईला हात लावण्याआधी आडनाव विचारलं नाही. माझा पहिला ट्यांहा त्या छपराखाली निघाला.

आणि छप्पर ही आपल्या लोकांच्या बाबतीत साधी गोष्ट नाही. १८५५ साली मुक्ता साळवे या मांगाच्या पोरीने, फुल्यांच्या शाळेतल्या विद्यार्थिनीने, मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परसुद्धा नसतं, हे तिने त्यात मांडलं. हा निबंध छापला कुणी? 'ज्ञानोदय'ने. अमेरिकन मराठी मिशनच्या पत्राने. पुण्याच्या पंडितांनी नव्हे. नगरला फरारबाईंनी चालवलेली मुलींची शाळा जोतीरावांनी पाहिली होती, आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. जे खरं ते खरं. ज्या दारावर आमचा बाप पिढ्यान्‌पिढ्या डोकं आपटत होता, त्यातलं एक दार सातासमुद्रापलीकडून आलेल्या माणसाने आतून उघडलं.

म्हणून कुणी म्हणेल, मग तू गप बस. ज्याचं मीठ खाल्लं त्याला प्रश्न विचारतोस?

हा 'मीठ खाल्लं' प्रकार आपण नीट ओळखतो. महारवाड्याने शेकडो वर्षं हाच करार पाळला. शिळा तुकडा घ्यायचा, जोहार घालायचा आणि तोंड मिटून राहायचं. उपकार करणाऱ्याला फक्त आपली कृतज्ञता नको असते, आपलं मुकेपणही हवं असतं. हा करार फाडायलाच बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' काढलं. तेव्हा माझ्या आईवर उपकार झाला, हे मी मान्य करतो. त्याची फेड म्हणून मी गप बसणार नाही. खरं बोलेन. खोटं बोलून फेडलेला उपकार म्हणजे नवी वेठबिगारी.

*

आता मिलमधल्या माणसाच्या नजरेने बघतो. मी माणसाच्या तोंडाआधी त्याच्या अंगातलं कापड बघतो. धंद्याची सवय. सूत कितीचं, वीण कशी, शिवण कुठली. भिंत रंगवणाऱ्या अशा गटातल्या पोरांच्या अंगात सहसा एकसारखे टी-शर्ट असतात. छातीवर प्रेमाचा, सेवेचा काहीतरी शब्द. तो शब्द वाचायच्या आधी मला विचारावंसं वाटतं, बाबा रे, हा शर्ट शिवला कुणी?

श्रीमंत देशांच्या दुकानांतले स्वस्त कपडे बांगलादेशात, व्हिएतनाममध्ये, आपल्या तिरुपूरला शिवले जातात. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ सावरला राणा प्लाझा नावाची इमारत कोसळली. आत कपडे शिवणारे कारखाने होते. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले लोकांनी बघितले होते. तरी सकाळी कामगारांना आत घातलं. १,१३४ माणसं मेली. त्यांत बायका जास्त. शिवत काय होत्या? युरोप-अमेरिकेतल्या दुकानांत टांगायचे कपडे.

म्हणजे गरिबी बघायला निघालेला माणूस विमानात बसायच्या आधीच आमच्या दुःखात सामील झालेला असतो. ते दुःख तो अंगात घालून येतो. फक्त धाग्याचं दुसरं टोक कुणाच्या हातात आहे, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. चर्चमध्ये नाही, शाळेत नाही, दुकानात तर नाहीच.

इथे मला दोन शब्द वेगळे करायचे आहेत. गरिबी आणि शोषण. गरिबी म्हटलं की डोळ्यांपुढे एकच माणूस येतो, गरीब. एकटाच उकिडवा बसलेला. जणू आभाळातून पडला. शोषण म्हटलं की दोन माणसं दिसायला लागतात. एक ज्याचं रक्त जातं आणि एक ज्याच्या अंगावर ते चढतं. गरिबी बघितली तर दया येते आणि दया आली की बघणाऱ्याला बरं वाटतं. शोषण बघितलं तर त्याला विचारावं लागतं, या दोघांतला मी कोण? हा प्रश्न आला की बरं वाटणं बंद होतं. म्हणून जगभरचे दयाळू लोक गरिबी हा शब्द आवडीने वापरतात आणि दुसरा शब्द निघाला की राजकारण नको म्हणतात.

*

आपल्याकडे या प्रश्नाला फार मोठं उत्तर देऊन ठेवलेलं आहे. आपण ते घरात ठेवतो, हार घालतो, पण उघडून वाचत नाही.

सिद्धार्थाने घर का सोडलं? लहानपणापासून ऐकलेली गोष्ट अशी: राजवाड्यातला राजपुत्र रथातून बाहेर पडला, त्याला म्हातारा दिसला, आजारी दिसला, प्रेत दिसलं, मग संन्यासी दिसला. दुःख बघितलं, मन द्रवलं, रात्री बायकापोराला सोडून निघाला. ही गोष्ट जगभर प्रसिद्ध. नीट बघितलं तर हा मिशनचाच प्रवास आहे. सुखात वाढलेला पोरगा, पहिल्यांदा बघितलेलं दुःख, आणि बदललेलं आयुष्य.

बाबासाहेबांनी ही गोष्ट मानली नाही. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' हा ग्रंथ त्यांच्या मागे १९५७ साली निघाला. त्यात सुरुवातीलाच ते विचारतात की एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा, आजारी, मेलेला माणूस बघितलाच नव्हता, हे पटण्यासारखं आहे का? आणि ते दुसरी हकिगत मांडतात. शाक्य आणि कोलीय या दोन गणांच्या मध्ये रोहिणी नदी. दोघांची शेती त्या पाण्यावर. पाणी आधी कुणी घ्यायचं यावरून मारामारी झाली. शाक्यांच्या संघात सेनापतीने युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थाने विरोध केला. आपल्याच गणाच्या सभेत उभा राहून तो म्हणाला की आपलाही दोष असेल, चौकशी करा, दोन्हीकडची माणसं नेमा. ठराव मताला पडला आणि सिद्धार्थ हरला. मग सैन्यात भरती व्हायचा हुकूम निघाला. त्याने नकार दिला. सभेने धमकी दिली की तुझ्या घरच्यांवर बहिष्कार घालू, जमीन जप्त करू. आपल्यामुळे घरच्यांना शिक्षा नको म्हणून त्याने परिव्रज्या पत्करली.

मित्रांनो, या दोन गोष्टींतला फरक नुसता इतिहासाचा नाही. पहिल्या गोष्टीत दुःख हे निसर्गाचं आहे, म्हातारपण, रोग, मरण. त्यात गुन्हेगार कुणी नाही. बघणारा बाहेरचा आहे आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आहे. दुसऱ्या गोष्टीत दुःख माणसाने माणसाला केलेलं आहे. त्यात पाण्याची मालकी आहे, सभा आहे, ठराव आहे, बहुमत आहे. आणि बघणारा बाहेरचा नाही. तो शाक्य आहे. ज्यांच्या बाजूने युद्ध होणार त्यांच्यातलाच आहे. रोहिणीचं पाणी पिऊनच तो वाढला. तो कोलीयांच्या वस्तीत जाऊन त्यांना धान्य वाटत बसला नाही. आपल्या लोकांत उभा राहिला, नाही म्हणाला, आणि किंमत मोजली.

करुणा म्हणजे हे. आपण ज्या बाजूचं पाणी पितो त्या बाजूच्या सभेत उभं राहणं. बाकी सगळं डोळ्यांचं पाणी.

*

हे माप हातात घेऊन मिशनचा इतिहास मोजू.

१८१३ साली अमेरिकन बोर्डाचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईत उतरले. कंपनी सरकार त्यांना परत धाडायला निघालं होतं. तरी ते टिकले. १८३१ साली नगरला ठाणं पडलं. पुढे महार-मांगांच्या वस्त्यांत शाळा निघाल्या. ही माणसं कॉलऱ्याने मेली, तापाने मेली, त्यांची लेकरं इथल्याच मातीत पुरली गेली. पंधरा दिवसांचे पाहुणे नव्हते ते. त्यांच्या हिमतीला माझा जयभीम.

पण त्याच काळात त्यांच्या बोर्डाच्या घरात काय चाललं होतं? अमेरिकेतल्या चेरोकी आणि चोक्टाव या मूळ जमातींमध्ये याच बोर्डाची मिशनं होती. तिथल्या चर्चांमध्ये गुलाम बाळगणारे सभासद होते. १८४० नंतरच्या वर्षांत प्रश्न आला, गुलाम बाळगणाऱ्याला चर्चबाहेर काढायचं की नाही? बोर्ड कचरलं. मग गुलामीविरुद्धच्या ख्रिस्ती माणसांनीच १८४६ साली अमेरिकन मिशनरी असोसिएशन ही वेगळी संस्था उभी केली. म्हणजे बघा. नगरच्या महारवाड्यातलं दुःख समुद्रापलीकडून दिसत होतं. घरच्या चर्चच्या बाकावर बसलेला गुलामांचा मालक मात्र अडचणीचा विषय होता. लांबचं दुःख बघणं सोपं असतं. जवळचं बघितलं की वर्गणी बंद होते.

जोतीरावांना हा फरक कळला होता. १८७३ साली 'गुलामगिरी' निघालं, ते त्यांनी अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. कशासाठी? आमच्यासाठी शाळा काढल्या म्हणून नव्हे. त्यांनी आपल्याच देशातली निग्रोंची गुलामी मोडली म्हणून. आपल्या माणसांविरुद्ध उभे राहिले म्हणून. अर्पणपत्रिका कुणाला लिहायची हे जोतीरावांना नेमकं कळत होतं.

आणि त्या लढाईचा धागाही आमच्या मिलपर्यंत येतो. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं. तिकडच्या गुलामांच्या हातचा कापूस लँकेशायरला जायचा थांबला. मग मुंबईच्या बंदरातून आपला कापूस गेला, मुंबईत सोन्याचा पाऊस पडला, शेअरचा जुगार चालला आणि १८६५ साली सगळं कोसळलं. दावरशेटची पहिली गिरणी त्याआधीच, १८५६ साली ताडदेवला सुरू झाली होती. एकच कापूस. तिकडे काळ्या माणसाच्या पाठीवर, इकडे आपल्या कुणब्या-महाराच्या पाठीवर. देवाचं नाव मात्र दोन्हीकडे वेगवेगळं सांगितलं जात होतं.

बाबासाहेबांनी अस्पृश्यांतल्या ख्रिस्ती प्रचारावर आणि ख्रिस्ती झालेल्यांच्या स्थितीवर लिहून ठेवलं. ते १९८९ साली महाराष्ट्र शासनाच्या पाचव्या खंडात छापलं गेलं. मिशनच्या शाळा-दवाखान्यांचं काम ते नाकारत नाहीत. पण त्यांचं बोट दुखऱ्या जागेवर आहे. मिशनरी अस्पृश्याला शिकवतो की तुझ्या दुःखाचं मूळ पाप आहे. समाजाची अन्यायी रचना हे मूळ आहे, हे तो शिकवत नाही. पापाचं औषध प्रार्थना. रचनेचं औषध लढा. ज्याला पापाचं शिकवलं तो लढ्याला का येईल?

मिशनरी परत गेला. ख्रिस्ती झालेला महार-मांग इथेच राहिला. चर्चमध्येही जात त्याच्या मागे गेली आणि सरकारने कागदावर सांगितलं की तुझी जात संपली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना ठेवला. पुढे १९५६ मध्ये शिखांना, १९९० मध्ये आपल्याला, म्हणजे बौद्धांना मिळाला. ख्रिस्ती झालेला आपला भाऊ अजून दाराबाहेर आहे. त्याच्यासाठी आपण किती मोर्चे काढले, हेही मोजायला हरकत नाही.

*

या इतिहासात एक माणूस मला वेगळा वाटतो. क्लिफर्ड मॅनशार्ट. शिकागोला शिकलेला, अमेरिकन मराठी मिशनचाच माणूस, १९२५ साली मुंबईत आला. नागपाडा-भायखळ्याच्या चाळी त्याने बघितल्या, गिरण्यांच्या धुराखाली एका खोलीत कोंबलेली कुटुंबं बघितली. १९२७ साली त्याने नागपाडा नेबरहुड हाऊस उभं केलं. तिथे प्रवचनापेक्षा वर्ग, वाचनालय, दवाखाना, खेळाचं मैदान यांना जागा दिली. आणि १९३६ साली त्याच जागेत टाटांच्या विश्वस्त निधीतून समाजकार्य शिकवणारी संस्था सुरू झाली. तो तिचा पहिला संचालक. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. आत्म्यावरून त्याची नजर गल्लीवर आली. हे लहान पाऊल नाही.

पण आता त्याच गल्लीपासून थोडं पुढे गिरणीत जाऊ. गिरणीत साचाखात्यात, म्हणजे विणकामाला, पगार जास्त. तिथे अस्पृश्याला मज्जाव. कारण काय? धोट्यात नवी कांडी घातली की दोरा तोंडाने ओढून काढावा लागायचा. महाराच्या तोंडाचा धोटा आपल्या तोंडाला कसा लावायचा? हे मालक बोलत नव्हते. सवर्ण कामगार बोलत होते, लाल झेंड्याखालचे. १९२८ साली प्रचंड मोठा संप झाला. तेव्हा बाबासाहेबांनी लावून धरलं की साचाखातं अस्पृश्यांना मोकळं करा. युनियनच्या मोठ्या मागण्यांच्या गर्दीत ही मागणी कुणाला फारशी नको होती.

हा धोटा कुठल्याही वाचनालयाने सुटला नसता, दवाखान्यानेही नाही. त्यासाठी कुणीतरी कामगारांच्याच सभेत उभं राहून कामगारांना विचारायला हवं होतं की तुझ्या ओठावर काय आहे ते सांग. १९३६ हे साल बघा. नागपाड्यात समाजकार्याची शाळा निघाली, तिला पैसा त्या घराण्याचा ज्याच्या वैभवात नागपूरच्या एम्प्रेस मिलचाही वाटा. आणि त्याच साली बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. एका वाटेने प्रशिक्षित सेवक तयार झाले. दुसऱ्या वाटेने १९३७ साली खोती मोडायचं विधेयक आलं, ७ नोव्हेंबर १९३८ चा संप आला, आणि बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना कामाचे तास कमी करायचं जे काम सुरू झालं, त्यातून १९४६ साली आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. सेवक मेला की सेवा थांबते. कायदा झाला की मालकालाही तो मोडायला कष्ट पडतात.

*

इथे मामा मला थांबवतात. "तुझं सगळं बरोबर. पण पोर तापाने फणफणतंय तेव्हा तू त्याला लढा पाजणार? आधी गोळी दे. गोळी देणाऱ्याचा शर्ट कुठला ते नंतर बघू."

मामांचं म्हणणं मी खोडू शकत नाही. खोडायचंही नाही. त्या रात्री नर्सबाईने माझ्या आईला शोषणावर भाषण दिलं असतं तर मी हा लेख लिहायला उरलो नसतो. भूक तातडीची असते. जो भुकेल्याला सांगतो की क्रांती होईपर्यंत थांब, त्याचं पोट भरलेलं असतं हे खात्रीने समजावं.

म्हणून माझं म्हणणं गोळी देऊ नये असं नाही. गोळी देताना दुसऱ्या हाताने काय करतोस, एवढंच विचारायचं. ताप कुठून आला ते विचारलंस का? गटारीचं पाणी नळात कुणी सोडलं? आणि त्या गटारीत तुझ्या घरचा एक पाइप येतो का? येत असेल तर परत जाऊन तो पाइप बंद करायला घरच्यांशी भांडशील का? त्या परदेशी पोराने मला विचारलं की मी तुमच्यासाठी काय करू, तर मी म्हणेन, भिंत आम्ही रंगवू, रंगारी नाक्यावर उभे आहेत, त्यांना रोजंदारी दे. तू घरी जा आणि तुझ्या दुकानदाराला विचार, तुझ्या चर्चच्या सभेत विचार, तुझ्या खासदाराला विचार की हा शर्ट एवढा स्वस्त कसा? तिथे उभा राहून तू एकटा पडलास, तुझी वर्गणी बंद झाली, तुला लोक वेडा म्हणाले, तर त्या दिवशी तुझा प्रवास खरा सुरू झाला.

*

आणि आता आपण. कारण दुसऱ्याला माप लावून फुरसत मिळवणं हा आपला आवडता धंदा आहे.

आपल्यातले कित्येक गट रविवारी पाड्यावर जातात. वह्या वाटतात, १४ एप्रिलला लाडू वाटतात, फोटो काढतात. पाड्यावरची बाई हसून फोटोत उभी राहते. तिला सवय आहे. या फोटोत आणि त्या परदेशी पोरांच्या फोटोत फरक फक्त झेंड्याच्या रंगाचा.

आपलं रोहिणीचं पाणी कुठलं, ते मी सांगतो. पालघर जिल्ह्यात सूर्या नदीवर धामणी आणि कवडास ही धरणं आहेत. डहाणू, पालघर, विक्रमगडकडच्या आदिवासी शेतीला पाणी मिळावं म्हणून ती बांधली. पुढे ते पाणी शहरांकडे वळवायची योजना झाली. दिवसाला ४०३ दशलक्ष लिटर. त्यातलं १८५ वसई-विरारला आणि २१८ आपल्या मीरा-भाईंदरला. तिकडचे शेतकरी आणि आदिवासी विरोधात उभे राहिले, आमच्या वाट्याचं सिंचन जातंय म्हणाले. आणि इकडे आपण हंडे घेऊन महापालिकेवर मोर्चा नेतो, पाणी द्या म्हणतो. आपली मागणी खोटी नाही. चाळीत दिवसाआड येणाऱ्या पाण्यावर पोरं वाढवणाऱ्या बाईला मी शहाणपण शिकवणार नाही. पण मोर्चाच्या भाषणात कुणी उठून विचारावं की पाणी कुणाच्या शेतातून येणार आहे? टॉवरच्या पोहण्याच्या तलावात किती जातं? आधी ते मोजा, मग धरणाकडे बोट दाखवा. असं बोलणाऱ्याला टाळ्या पडणार नाहीत. आपल्याच बाजूचे लोक त्याला खाली बसवतील. ज्या वारली बाईच्या पोराला आपण वही दिली, तिच्या बाजूने बोलायची ती खरी जागा. पाड्यावर नाही, आपल्या मोर्चात.

आणि मिलमध्येही तेच. नव्या साच्यांत धोटाच नसतो, तोंडाने दोरा ओढायचा प्रश्न संपला. पण बहुतेक कारखान्यांत झाडलोट करणाऱ्या बायका कंत्राटावर असतात, त्यांना खाड्याचा पगार कापतात, त्यांचं नाव कुठल्या रजिस्टरला नसतं. आपल्या मागणीपत्रात त्यांची मागणी कितव्या नंबरला असते? असते का? १९२८ साली सवर्ण कामगाराला जे दिसलं नाही ते आज आपल्यालाच दिसत नसेल, तर बाबासाहेबांचा फोटो लावून आपण कुणाला फसवतो?

मामांच्या प्रश्नाला माझं उत्तर हे आहे. बघणाऱ्याचं आयुष्य बदललं, याची किंमत शून्य. ज्याला बघितलं त्याचं आयुष्य बदलायचं असेल तर बघणाऱ्याचा वाटा कमी व्हावा लागतो. पाण्यातला, पगारातला, कापडातला, मानातला. वाटा कमी न करता आलेली दया ही व्याजावर दिलेली रक्कम आहे. ती नम्र हास्याच्या रूपाने रोज वसूल होते.

पुढच्या बैठकीला मी दोन ठराव मांडणार आहे. एक कंत्राटी बायकांचा आणि एक सूर्याच्या पाण्याचा. पहिल्यावर भांडण होईल. दुसऱ्यावर बहुधा मी हरेन. ज्यांना विरोध करायचा आहे त्यांनी तयारी करून यावं, आणि ज्यांना बाजूने बोलायचं आहे त्यांनी बैठकीनंतर चहाच्या टपरीवर नव्हे, बैठकीत बोलावं.

जयभीम.